कातरणीतले डोळे

साखऱ्याच्या धनगर वस्तीत डोळे आलेल्या माणसाला उजेड दाखवत नाहीत. भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं आणि यशोदाबाईचा नवरा भुजंग बंद खोलीत डोक्यावरून काळं घोंगडं ओढून बसला होता. ती त्याच्यासमोर उकिडवी बसून पदराच्या टोकाचा बोळा करी, तोंडाशी धरून त्यात गरम वाफ सोडी आणि तो त्याच्या पापणीवर दाबी. आधी एक डोळा, मग दुसरा. तिची आई असंच शेकायची, आईची आईही. हात आपोआप चालत होते.

"बरं वाटतं का?"

"वाफ हाय तवर वाटतं," भुजंग म्हणाला. "मंग डबल खाजवतं."

पापण्या सुजून जड झाल्या होत्या. डोळ्यांतला पांढरा भाग कुठं राहिलाच नव्हता. पाणी गालावरून मिशीत उतरत होतं, आणि कोपऱ्यात चिकट पांढरी तार धरत होती, ती तो बोटानं ओढून काढी. हे तिसरं साल. मागच्या दोन्ही साली हीच कार्तिकातली वेळ, हेच डोळे.

दाराबाहेर कुणी खाकरलं. नरसिंग होता, भुजंगचा चुलतभाऊ. एरवी हाक न मारता आत येणारा माणूस आज निंबाखालीच थांबला आणि भिंतीकडं तोंड करून बोलू लागला. लाल डोळ्यांशी नजर मिळाली की आपले डोळे येतात, हे वस्तीत लहान पोराला ठाऊक होतं. यशोदाबाई बाहेर आली तरी त्यानं मान वळवली नाही.

"वैनी, दादाला सांगा, औंदा सावडीत यायचं न्हाई."

चार घरांची सावड होती. एक दिवस चौघांनी मिळून एकाची मेंढरं कातरायची, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची. पुनवेला सुरू करायचं, चार दिवसांत चारही कळप उघडे करायचे आणि सगळ्यांनी सोबत वसमतच्या बाजूला ओलिताच्या रानात निघायचं. एकट्यानंच धरून एकट्यानंच कातरायचं तर साठ मेंढरांना आठवडा जातो, आणि एकट्यानं कळप घेऊन त्या वाटेला कुणी जात नाही. सावडीतून बाहेर म्हणजे वाटेतून बाहेर.

"काहून?" यशोदाबाईनं विचारलं. कारण माहीत असूनही विचारलं.

नरसिंगनं गेल्या सालची गोष्ट काढली. कातरणीनंतर त्याच्या दोन्ही लेकरांचे डोळे आले होते. त्या आठवड्यात गावातली सगळी शाळाच तांबडी झाली होती, पण मीराबाईनं, त्याच्या बायकोनं, नाव भुजंगचंच घेतलं होतं. आता ती ऐकायला तयार नव्हती. यावर नरसिंगनं एक तोडही आणली होती. दादाची मेंढरं तो आपल्या कळपात घेऊन जाईल, नीट सांभाळील, दादानं घरी बसून डोळे बघावेत.

"आन कातरनार कोन?"

"आमीच कातरू की. उपकार म्हनून."

सावडीत उपकार नसतो, केलेलं फेडायचं असतं. हे नरसिंगलाही माहीत होतं, म्हणून त्यानं शब्द उच्चारला आणि लगेच खिशातून काळा गॉगल काढून ओट्यावर ठेवला. जत्रेतला होता. "ह्यो घाला म्हनाव दादाला. हिरो दिसंल," तो म्हणाला, आणि हसण्याची वाट न बघता निघून गेला.

आत घोंगड्याखालून एक शिंक आली, मग पाठोपाठ सहा.

यशोदाबाई ओट्यावर बसून राहिली. कुठल्या कोकराला कुठली मेंढी अंगाशी घेत नाही, आणि का घेत नाही, हे अख्ख्या वस्तीत तिलाच आधी कळायचं. ती सांगायची नाही, बघत राहायची. आता ती स्वतःच्या घराकडं तसं बघू लागली. नजरेनं लागतं म्हणतात. मग तीन सालं आपण त्याच्या डोळ्यात वीतभरावरून बघून राहिलो, आपले काहून आले नाहीत? सत्यशीला, बारा वर्षांची पोरगी, बापाच्याच खांद्यावरच्या दस्तीला तोंड पुसते. तिचे काहून नाहीत?

दुसऱ्या दिवशी ती भुजंगला घेऊन सेनगावला गेली. काळीपिवळीत त्यानं नरसिंगचा गॉगल घातला होता. तरी शेजारच्या बाईनं गाल ओले बघितले आणि मांडीवरचं लेकरू उचलून दुसऱ्या बाजूला घेतलं. भुजंगनं तोंड खिडकीकडं केलं. वारा लागला तसा त्याचा हात डोळ्याकडं गेला आणि मग सेनगाव येईपर्यंत थांबलाच नाही.

सरकारी दवाखान्यात डोळे तपासायला बुद्धभूषण म्हणून एक जण होते, हट्टा गावचे. बोर्डावर त्यांच्या हुद्द्याचं लांबलचक नाव होतं. लोक डोळ्याचे साहेब म्हणत. त्यांनी गॉगल काढायला लावला आणि सरळ भुजंगच्या डोळ्यात बघितलं. तीन सालांत परक्या माणसानं असं पहिल्यांदाच बघितलं होतं. भुजंगच चुळबुळला.

"आधी काय होतं? दुखतं का खाजवतं?"

"खाजवतं, साहेब. वाटतं, डोळे काढून पान्यात टाकून ठेवावे."

सकाळी पापण्या चिकटतात का, पिवळा पू येतो का, आधी एक डोळा बिघडतो की दोन्ही सोबतच, असं एकेक साहेब विचारत गेले. पापण्या चिकटत नव्हत्या. पू नव्हता, पाणी होतं आणि ती तार. दोन्ही डोळे एकाच दिवशी धरायचे. शिंकांचं विचारलं तेव्हा यशोदाबाई म्हणाली, कोंबड्याच्या आधी ह्यांच्या शिंका उठवतात आमाला. घरात दुसऱ्या कुणाला झालं का, यावर तिनं मान हलवली आणि पुढं झुकली, कारण तिचा प्रश्न साहेबांनीच विचारला होता.

साहेबांनी काडीवर पापणी उलटी केली, टॉर्च धरली आणि तिला जवळ बोलावलं. पापणीच्या आतल्या अंगाला लालसर बारीक दाणे उठले होते, राळ्याच्या कणसासारखे दाट.

"हे आलेले डोळे नाहीत," साहेब म्हणाले. "आलेल्या डोळ्यांना बहुतेक चीक धरतो, एकाचे दुसऱ्याला होतात. हे कुणाला लागत नाही. हे वावडं आहे. एखाद्याला वांगं चालत नाही, अंगावर गांधी उठतात, तसं हे डोळ्यांत उठतं."

"कशाचं वावडं?"

"ते मला ह्या टॉर्चमध्ये दिसत नाही, ताई. तुम्हाला दिसेल. कशापाशी गेल्यावर खाजतं, कशापासून लांब गेल्यावर थांबतं, ते बघायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची."

तिनं पिशवीतून एक छोटी बाटली काढली. गेल्या दोन्ही साली औषधाच्या दुकानातून मागून आणलेले थेंब होते, घातले की तासाभरात डोळा पांढरा व्हायचा. साहेबांनी बाटलीवरचं नाव वाचलं आणि ती परत दिली नाही. हे औषध डॉक्टरनं बघून, मोजके दिवसच घालायचं असतं, ते म्हणाले. आपल्या मनानं वर्षानुवर्षं घातलं तर डोळ्याच्या आतला दाब वाढतो, मोतीबिंदू धरतो, आणि माणसाला ते नजर गेल्यावर कळतं. त्यांनी दुसरे थेंब दिले. चोळायचं अजिबात नाही, चोळलं की जास्त खाजतं. स्वच्छ गार पाण्यानं डोळे धुवायचे, गार ओली घडी ठेवायची. नजर अंधुक झाली किंवा डोळा दुखायला लागला तर त्याच दिवशी यायचं.

"वाफेनं शेकते की म्या," ती म्हणाली आणि पदराचा बोळा करून दाखवला.

साहेबांनी बोळ्याकडं बघितलं. तिनंही बघितलं. लुगड्याच्या धाग्यांत लोकरीचे तंतू अडकले होते, करडी धूळ बसली होती. ती रोज दुपारी लोकर कातायची आणि त्याच पदराला हात पुसायची. साहेबांनी अंगावर काय घेऊन झोपतात, एवढंच विचारलं. घोंगडं, ती म्हणाली. आन डोळे आल्यापासनं दिवसभर डोक्यावरनं. बोलता बोलता तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

भुजंगनं एकच मागणी केली. हे लागत नाही असं लिहून द्या. साहेबांनी लिहून दिलं, शिक्का मारला.

परतताना गाव दिसू लागलं. तेव्हा तो म्हणाला, "सात पिढ्या मेंढरात गेल्या. आन मला लोकरीचं वावडं? मंग म्या कोन?"

"लोकरीचंच हाय का, ते तर बघू आधी," यशोदाबाई म्हणाली. पण तिलाही तेच वाटत होतं.

आधी सगळंच लांब करायचं, मग एकेक गोष्ट परत आणून बघायची, असं ठरवून तिनं दार उघडलं. घोंगडं बाहेर बाभळीवर टाकलं, चरखा आणि लोकरीचं गाठोडं शेजारच्या घरी नेऊन ठेवलं. भुजंगला धुतलेली वाकळ दिली आणि ओट्यावर झोपवलं. मेंढरं सत्यशीला चारायला नेऊ लागली. पदराचा बोळा करायला हात दोन वेळा आपोआप उठला, दोन्ही वेळा तिनं तो खाली घेतला आणि माठातल्या पाण्यात भिजवलेली दस्ती त्याच्या डोळ्यांवर ठेवली. तिसऱ्या सकाळी शिंका आल्या नाहीत. डोळ्यांत पांढरं दिसू लागलं.

भुजंगला याचा आनंद झाला नाही. तो ओट्यावर बसून लांबून मेंढवाड्याकडं बघायचा, एखादी मेंढी ओरडली की अर्धा उठायचा, परत बसायचा. नरसिंगच्या कळपात आपली मेंढरं कुठली हे ओळखायला कानाला खूण करावी लागेल, असं एकदा म्हणाला. यशोदाबाईचं डोकं दुसरीकडं होतं. हा माणूस वीस वर्षं कातरणी करून राहिला. सतरा वर्षं काही झालं नाही. लोकर तीच, घोंगडं तर लग्नातलं. मग तीन सालांपूर्वी बदललं काय?

दुपारी भाकरी थापताना तिला डोह आठवला. पूर्वी कातरणीच्या आदल्या दिवशी ओढ्याच्या डोहात मेंढरं पोहणीला घालायची. वस्तीतले गडी छातीभर पाण्यात उभे राहून एकेक मेंढरू चोळून सोडायचे, पाणी गढूळ होऊन वाहायचं. तीन सालं झाली, डोह दिवाळीलाच आटतो. मेंढरं न धुताच कातरतात.

तिनं तव्यावरची भाकरी उतरवली आणि घागर घेऊन हापशाला गेली. सहा घागरी झाल्या तेव्हा मागं उभ्या असलेल्या रुख्मिणीबाईनं विचारलं, कुनाची आंघोळ हाय? मेंढीची, ती म्हणाली. मानसाला प्यायला न्हाई, आन हिची मेंढी न्हाऊन राहिली, असं रुख्मिणीबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. यशोदाबाईनं सातवी घागर भरली नाही.

एक टिकलीवाली मेंढी तिनं धुतली, कातडीपर्यंत बोटं घालून. रात्रभर वेगळी बांधली. दुसऱ्या दिवशी दुपारी भुजंगला कातर दिली आणि समोर बसली.

"आता?" ती थोड्या थोड्या वेळानं विचारी.

"न्हाई."

"आता?"

"कातरू देशील का न्हाई?"

मेंढी उघडी झाली. तो कातर खाली ठेवून डोळे मिचकावत राहिला, खाज शोधत असल्यासारखा. ती आली नाही. संध्याकाळपर्यंत आली नाही. लोकरीचा थर मांडीवर घेऊन तो बसला होता, आणि एकदा त्यानं त्यात तोंड खुपसून वास घेतला, तेव्हा यशोदाबाई ओरडायची ती थांबली. काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी न धुतलेली मेंढी. एक बाजू अर्धी झाली नव्हती.

"आलं," भुजंग म्हणाला. डोळ्यांतून पाणी सुरू झालं होतं आणि तो हसत होता. "यशोदे, आलं बघ."

तिनं त्याच्या हातून कातर घेतली, त्याला पाण्याच्या घागरीपाशी पाठवलं आणि अर्धवट लोकर पांढऱ्या धोतरावर झटकली. करडी धूळ पडली, कुसळं पडली, आणि तांदळाच्या कण्यांसारखं काहीतरी पांढरं, चुरगळलेलं. बोटानं दाबलं तर भुकटी झाली. सत्यशीला वाकून बघत होती.

"गाजरगवताची फुलं हायेत की," ती म्हणाली. गायरानात सगळीकडं तेच झालं होतं, तिच्या कमरेइतकं. मेंढरं ते खात नव्हती, पण खालच्या हरळीसाठी त्यातून घुसायची आणि फुलं अंगावर घेऊन यायची. चार सालांपूर्वी गायरानात ते नव्हतं, हे यंदाच मेंढरांमागं जाऊ लागलेल्या पोरीला माहीत नव्हतं. आईबापाला माहीत होतं.

भुजंग धोतराकडं हात न्यायला लागला तसं यशोदाबाईनं धोतर ओढून घेतलं.

"लोकरीचं न्हाई," तो म्हणाला. मग परत म्हणाला, "लोकरीचं न्हाई."

त्याच संध्याकाळी ती त्याला घेऊन नरसिंगच्या अंगणात गेली. भुजंगचे डोळे दुपारच्या प्रयोगानं परत लाल झाले होते. वेळ वाईट होती, पण पुनव चार दिवसांवर आली होती. मीराबाईनं लेकरांना आत घालून दार ओढलं. यशोदाबाईनं पापणीतले दाणे, डोह, दोन मेंढ्या, फुलं, सगळं क्रमानं सांगितलं. शिक्क्याचा कागद पुढं केला.

नरसिंगनं तो उलटासुलटा केला. "कागदाला काय, डोळे येत न्हाईत," तो म्हणाला. "आन वैनी, गवतानं व्हतं म्हनता, तर त्याच गवतातनं आमी बी फिरतो. आमाला काहून न्हाई?"

"तुमाला वांगं चालत न्हाई, भावजी. आमी चार घरं खातो. तुमच्याच अंगावर गांधी काहून उठतात?"

नरसिंगनं मानेवर हात फिरवला. त्याला ते पटलं होतं. पण मीराबाई जागची हलली नाही. गवताचं खरं असंल, बाई, ती म्हणाली, पन माझी लेकरं म्या पनाला लावू का?

"नगा लावू. म्या लावते."

यशोदाबाईनं भुजंगच्या खांद्यावरची दस्ती ओढली. त्याचा उजवा डोळा पुसला, मग डावा, कोपऱ्यातली तारसुद्धा. आणि सगळ्यांच्या देखत तीच दस्ती आपल्या दोन्ही डोळ्यांना लावली, पापण्या उघडून, आतून.

"पुनवेला सकाळी या," ती मीराबाईला म्हणाली. "उन्हात नेऊन बघा."

घरी आल्यावर भुजंग दारातच म्हणाला, असं करायचं न्हवतं. साहेबांवर तिचा विश्वास होता, स्वतःच्या बघण्यावर त्याहून जास्त होता. तरी दुसऱ्या दिवशी हापशावर बाया तिच्यासाठी जागा करून देऊ लागल्या तेव्हा तिला ती जागा कशाची आहे हे कळलं. तिची घागर भरेपर्यंत कुणी दांड्याला हात लावला नाही. भुजंग तीन सालं याच जागेत उभा होता.

तिसऱ्या दिवशी तिचा डावा डोळा खाजला. भांडी घासत होती, राखेचा कण गेला असेल. किंवा नसेल. ती हात पाण्यात तसेच बुडवून बसली आणि मोजत राहिली: आधी खाज का दुखणं, एक डोळा का दोन्ही, चिकटतं का. एकच होता. थोड्या वेळानं पाणी आलं, कण बाहेर आला, करडा, राखेचाच. तिनं तो बोटावर घेऊन सत्यशीलेला दाखवला. रोज पहाटे डोळे उघडताना ती पापण्या सावकाश सोडवायची, चिकटल्या आहेत का बघायला. चिकटल्या नव्हत्या.

पुनवेला सकाळी मीराबाई आली. एकटीच आली, नवऱ्याला आणलं नाही. यशोदाबाईच्या हनुवटीला धरून तिनं तोंड उन्हाकडं फिरवलं आणि अंगठ्यानं खालची पापणी ओढली. इतकी जवळ आली की तिचा श्वास गालाला लागत होता. बराच वेळ बघितलं.

"दुसरा," ती म्हणाली.

दुसराही बघितला. मग हात सोडला, पदर खोचला. लेकरं मात्र म्या आजोळी पाठवली, ती म्हणाली, ते तेवढं असू दे. आणि जाताना वळून म्हणाली, कातरीला धार असंल तर घेऊन या, आमच्या ह्यांची बोथट हाय.

नरसिंगच्या मेंढवाड्यात यशोदाबाईनं भुजंगला वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसवलं, म्हणजे धूळ त्याच्याकडून दुसरीकडं जाईल. नाकातोंडावर ओली दस्ती बांधली. पाण्याची घागर हाताशी ठेवली. ह्यो नवरदेव कुठला, असं सावडीतला एक जण म्हणाला, आणि भुजंगही दस्तीखालून हसला. संध्याकाळी कपडे बदलून, डोकं धुऊनच घरात यायचं, असं तिनं बजावून ठेवलं होतं. थेंब सकाळीच घातले होते. तरी नरसिंगची मेंढरं त्याच गायरानातली होती आणि त्यांना धुवायला कुठंच पाणी नव्हतं.

दोन मेंढरं नीट झाली. तिसऱ्याच्या पोटाखालची लोकर सोडवताना भुजंगची कातर थांबली. यशोदाबाईनं लांबून बघितलं. त्याचा मोकळा हात वर आला, डोळ्याच्या पातळीला येऊन तिथंच थांबला आणि बोटं मिटली. पापण्यांच्या कडा लाल होत होत्या. सावडीतले बाकीचे हात चालत होते, पण सगळ्यांचं लक्ष इकडं लागलं होतं. मांडीखाली दाबलेलं मेंढरू सुटायला बघत होतं, आणि त्याला सोडून उठलं तर अर्धी कातरलेली लोकर वाड्यात पसरली असती.

नरसिंगनं आपली कातर खोचली. सरकत आला, मेंढराचे मागचे पाय स्वतःच्या पंज्यात घेतले आणि भुजंगच्या लाल डोळ्यांत सरळ बघून म्हणाला, "जा, धुऊन ये. म्या धरतो तवर."